बारावीचा पर्यावरण प्रकल्प : विषयाच्या निवडीपासून निष्कर्षापर्यंत



अकरावी-बारावीत मूल असलेल्या आपल्या घरांत दरवर्षी जानेवारी महिना उजाडला की पर्यावरण प्रकल्पाची धावपळ सुरू होते. वही आणली जाते, चित्रे चिकटवली जातात, रात्र जागून मजकूर उतरवला जातो. लातूर जिल्ह्यातील एका विद्यार्थ्याची अशीच एक वही आमच्या पाहण्यात आली. अक्षर सुरेख, समास आखलेले आणि विषय होता समुद्रकिनाऱ्यावरील प्रदूषण. त्या मुलाने समुद्र पाहिलेला नव्हता. मात्र त्याच्या गावी उन्हाळ्यात टँकर येत होता, त्याचा वहीत उल्लेखही नव्हता. त्या वहीने आम्हांस हा लेख लिहिण्यास प्रवृत्त केले.

प्रकल्प कशासाठी?

पर्यावरण हा विषय सर्व विद्यार्थ्यांना सक्तीने शिकवला जावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर दिला. २००३ साली त्याच्या अंमलबजावणीविषयी न्यायालयाने पुन्हा बजावले. महाराष्ट्रात उच्च माध्यमिक स्तरावर हा विषय प्रकल्पाच्या रूपाने आला व पुढे त्यास ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ असे नाव मिळाले. पूर्वी बारावीच्या ६५० गुणांच्या बेरजेत त्याचे ५० गुण धरले जात. नंतर गुणांऐवजी श्रेणी देण्यात येऊ लागली.

येथेच अडचण निर्माण होते. आपला भाग ‘लातूर पॅटर्न’साठी राज्यभर ओळखला जातो. वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशाच्या तयारीसाठी दूरदूरची मुले लातूर व नांदेड येथे येऊन राहतात. ज्या कामाने टक्केवारी वाढत नाही, ते काम अशा वातावरणात मागे पडते. परंतु ज्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही पुस्तकाच्या शेवटी छापलेले नाही, असा प्रश्न संपूर्ण शालेय जीवनात विद्यार्थ्यासमोर बहुधा याच एका ठिकाणी येतो. ही संधी उतरवलेल्या मजकुरात वाया जाऊ नये, असे आम्हांस मनापासून वाटते.

विषय कसा निवडावा?

विषय लहान असावा, जवळचा असावा आणि मोजता येण्याजोगा असावा. ‘पाणीटंचाई : एक समस्या’ हा विषय फार मोठा आहे. ‘आमच्या वस्तीवरील तीन विहिरींची पाणीपातळी ऑगस्ट ते डिसेंबर या काळात कशी बदलते?’ हा प्रश्न एका विद्यार्थ्याच्या आवाक्यातील आहे. नांदेड शहरातील विद्यार्थ्यास आपल्या गल्लीतील सांडपाणी कोणत्या नाल्याने कोठपर्यंत जाते, याचा नकाशा काढता येईल. १९९३ साली देशपातळीवर सुरू झालेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेनेही स्थानिक प्रश्नावर मुलांनी स्वतः केलेल्या अभ्यासाचाच आग्रह धरला होता.

पाण्याचा विषय तर आपल्या दाराशीच उभा आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले होते. लातुरात पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागू करावी लागली आणि १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे शहरात पोहोचली. तिच्या १० वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. पुढे ५० वाघिणींची गाडी धावू लागली व एका खेपेस सुमारे २५ लाख लिटर पाणी येऊ लागले. हा आकडा मोठा वाटतो. परंतु २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८३ हजार होती. भागाकार केल्यास एका खेपेतून माणशी साडेसहा लिटर पाणी येते, म्हणजे अर्धी बादलीसुद्धा नव्हे. असा एक भागाकार विद्यार्थ्याने स्वतः केला, तर दहा पानांच्या उताऱ्यापेक्षा त्यास अधिक कळते.

कामाचे नियोजन

प्रकल्प एका रात्रीत होत नाही, कारण निरीक्षणास काळ लागतो. साधारण वेळापत्रक असे ठेवता येईल :

१. जुलै : विषय निश्चित करणे, शिक्षकांची संमती घेणे, दोन-तीन उद्दिष्टे लिहिणे.
२. ऑगस्ट ते डिसेंबर : दर पंधरा दिवसांनी निरीक्षण व नोंद. अशा सुमारे १० नोंदी होतात.
३. डिसेंबर अखेर : तक्ते व आलेख तयार करणे.
४. जानेवारीचा पहिला पंधरवडा : लेखन. त्यानंतरचा वेळ परीक्षेच्या अभ्यासासाठी मोकळा राहतो.

दर पंधरवड्यास एक तास दिला तरी निरीक्षणाचे काम होते. अभ्यास बुडतो, ही तक्रार त्यामुळे उरत नाही.

मोजमाप कसे करावे?

विहिरीच्या कठड्यावर रंगाने एक खूण करावी. दोरीस वजन बांधून खुणेपासून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर मोजावे. मोजणी प्रत्येक वेळी त्याच खुणेवरून, सकाळी मोटार सुरू होण्यापूर्वी करावी. अन्यथा उपशामुळे खाली गेलेली पातळी नोंदली जाईल. सोबत मोठे माणूस असल्याशिवाय विहिरीवर जाऊ नये व विहिरीत कधीही उतरू नये.

विहिरीचा व्यास ६ मीटर असल्यास तिचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस मीटर भरते. पातळी १ मीटर खाली गेली, तर साठा सुमारे २८ हजार लिटरने घटला असे समजावे. पावसाचा हिशोबही असाच सोपा आहे. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी मिळते. १०० चौरस मीटरच्या छपरावर वर्षात ७०० मिलिमीटर पाऊस पडला असे धरल्यास ७० हजार लिटर पाणी होते. त्यातील काही वाया जाणार हे धरूनही उरलेले पाणी थोडे नाही.

घरातील वापर मोजावयाचा असल्यास घागरी, बादल्या व पिंपे आठवडाभर मोजावीत. ग्रामीण भागासाठी जलजीवन मिशनने माणशी दररोज ५५ लिटर हे प्रमाण मानले आहे. त्याच्याशी आपल्या घराची तुलना करावी.

राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. तिच्या जिल्हा कार्यालयातून आपल्या तालुक्याची माहिती मागून घ्यावी व आपल्या नोंदींशी ताडून पाहावी. दोन्हींत फरक आढळल्यास घाबरू नये. आपल्याकडील काळ्या पाषाणात पाणी मुख्यतः भेगांत व झिजलेल्या थरांत साठते, म्हणून शेजारशेजारच्या विहिरीही वेगळ्या वागतात. देगलूर-बिलोलीच्या बाजूस ग्रॅनाइट खडक आढळतो. तेथील चित्र आणखी निराळे असू शकते.

निष्कर्ष आणि प्रामाणिकपणा

प्रकल्पाची खरी कसोटी शेवटच्या दोन पानांवर लागते. निष्कर्ष आपल्या नोंदींतून निघाला पाहिजे. एखादी नोंद चुकली असल्यास ‘या दिवशी मोजणी झाली नाही’ असे सरळ लिहावे. तेथे मनाचा आकडा भरू नये. तीन विहिरींवरून संपूर्ण जिल्ह्याविषयी विधान करू नये.

कधीकधी निष्कर्ष घरच्यांना न रुचणारा निघतो. शेजारच्या उसाला दिवसरात्र पाणी चालू असताना वस्तीवरील विहीर झपाट्याने उतरते, असे नोंदी दाखवतील, आणि तो ऊस कदाचित आपल्याच वडिलांचा असेल. अशा वेळी मुलाने वडिलांना वही दाखवावी, त्यांचीही बाजू ऐकून लिहावी. बाजारभाव, कर्ज, हमखास विकले जाणारे पीक ही त्यांची कारणेही प्रकल्पाचाच भाग आहेत. परंतु आकडा मात्र बदलू नये. पालकांनीही तो बदलण्यास सांगू नये.

पालकांचा व धर्मग्रामाचा वाटा

पालकांनी प्रकल्प स्वतः करून देऊ नये अथवा विकतही आणू नये. मुलासोबत विहिरीवर जावे, दोरीचे दुसरे टोक धरावे. घरात शिक्षण झालेले कोणी नसले तरी चिंता नको. १९७२ च्या दुष्काळात कोणती विहीर आटली नाही, हे आजी-आजोबाच सांगू शकतात. त्यांची मुलाखत हा प्रकल्पातील मौल्यवान भाग ठरेल. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पाण्याच्या प्रश्नास स्वतंत्र स्थान दिले आहे. आपल्या धर्मग्रामातील युवकांनी पूर्ण झालेले प्रकल्प एखाद्या रविवारी मिस्सानंतर सर्वांसमोर मांडल्यास त्या वचनास आपल्या गावाचा आधार मिळेल.

समुद्रावर लिहिणाऱ्या त्या मुलास वहीबद्दल श्रेणी मिळाली असेल. परंतु टँकर किती वाजता येतो, किती घागरी देतो आणि कोणाच्या दारापर्यंत पोहोचत नाही, हे त्याच्याइतके कोणास ठाऊक होते? त्याने ते लिहिले असते, तर ती वही ग्रामपंचायतीच्या टेबलावर ठेवता आली असती. यंदा आपल्या घरातील मुलाने तशी वही तयार करावी, हीच आमची विनंती आहे.