घरच्या घरी गांडूळ खत

गांडूळ खत करायला शेतच हवं असं नाही. जुनी बादली किंवा माठ पुरतो. तळाला छिद्रं पाडा. खाली सोयाबीनचं कुटार किंवा पालापाचोळा, त्यावर १५-२० दिवसांचं जुनं शेण टाका. ताजं शेण तापतं, त्यात गांडुळं मरतात. मग आयसेनिया फेटिडा जातीची लाल गांडुळं सोडा. शेतात खोल बिळं करणारी गांडुळं इथे टिकत नाहीत. वरून भाजीची देठं, फळांच्या साली थोड्या थोड्या घाला. तेल-मिठाचं उरलेलं अन्न, लिंबू, मिरची नको.

आपल्या बुलडाणा जिल्ह्यात खरी परीक्षा उन्हाळ्यात असते. पारा ४० अंशांच्या वर जातो आणि गांडुळांना ३० पर्यंतच मानवतं. म्हणून बादली सावलीत ठेवा, वर ओलं गोणपाट झाका. खत मुठीत दाबलं तर एक-दोन थेंब निघावेत, एवढीच ओल हवी. जास्त पाण्यानेही गांडुळं मरतात. सुट्टीत हे काम मुलांकडे द्या. ओल, तापमान, सजीवांच्या गरजा हे सगळं ती हाताने शिकतील.

दोन-अडीच महिन्यांत चहापत्तीसारखं काळं, रवाळ खत तयार होतं. तेव्हा चार-पाच दिवस पाणी बंद करा. गांडुळं खाली जातात. वरचं खत काढा आणि कुंडीला दोन मुठी घाला.