गाडी पार्किंगमध्येच होती, भाव मात्र उतरला

२२ सप्टेंबर २०२५, घटस्थापना. कोथरूडपासून हडपसरपर्यंत सोसायट्यांच्या पार्किंगमधल्या गाड्या रात्रभर जागच्या हलल्या नव्हत्या. ओरखडा नाही, पंक्चर नाही, थेंबभर पेट्रोल जळलं नाही. तरी सकाळी त्यांचा भाव उतरलेला!

झालं होतं एवढंच, की नव्या गाड्यांवरचा जीएसटी त्या दिवसापासून बदलला. चार मीटरच्या आतली, १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी २८ टक्के जीएसटी आणि वर १ टक्का सेस भरायची. ती थेट १८ टक्क्यांवर आली. कर सोडून ५ लाखांची असलेली गाडी ६ लाख ४५ हजारांना पडायची, ती ५ लाख ९० हजारांना पडू लागली. रोड टॅक्सही किमतीच्या टक्क्यातच असतो, महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के. म्हणजे त्यातही सहाएक हजारांची बचत. आता तीन वर्षं वापरलेली तीच गाडी विकणाऱ्या काकांनी ऑगस्टमधला भाव धरून ठेवला, तर समोरचा म्हणणारच, “काका, थोडे घालून नवीच घेतो की!” जुन्या गाड्यांच्या काही कंपन्यांनी तर २२ तारखेची वाट न बघता आधीच किमती उतरवल्या.

गंमत अशी, की जुन्या गाडीवरचा कर त्या दिवशी एका पैशानंही बदलला नव्हता.

साडेसहाशेवाले मिशीत हसले

सगळेच रडले नाहीत. साडेतीनशे सीसीच्या वरच्या मोटरसायकलवरचा कर ३१ टक्क्यांवरून ४० वर गेला. नवी साडेसहाशेची गाडी महागली, की जुनी साडेसहाशे आपोआप मानानं उभी राहते. साडेतीनशेची साधी बुलेट मात्र १८ टक्क्यांच्या स्वस्त रांगेत.

जैसलमेरहून आलेली घबराट

जुन्या गाड्यांचा स्वतःचा कर बदलायचं ठरलं होतं त्या घटस्थापनेच्या नऊ महिने आधी. २१ डिसेंबर २०२४ ला जैसलमेरला जीएसटी कौन्सिलची बैठक झाली आणि १२ टक्क्यांत मोडणाऱ्या जुन्या छोट्या गाड्याही १८ टक्क्यांत न्यायचं ठरलं. मोठ्या गाड्या तिथं आधीपासून होत्याच. मग मोबाइलवर गणित फिरू लागलं: १२ लाखांना घेतलेली गाडी ९ लाखांना विकली, तर ३ लाखांवर १८ टक्के कर. तोटा सोसायचा आणि वर ५४ हजार भरायचे? पुणेकर इतका भोळा नाही, तरी त्या आठवड्यात बऱ्याच जणांनी तो संदेश पुढे ढकललाच.

खरं गणित साधं आहे. कर लागतो तो जीएसटी नोंदणी असलेल्या विक्रेत्याला, आणि तोही फक्त नफ्यावर. डीलरनं गाडी ४ लाखांना घेतली, साडेचारला विकली, तर ५० हजारांवर १८ टक्के, म्हणजे ९ हजार. १२ टक्क्यांनी हेच ६ हजार झाले असते. एवढी आरडाओरड झाली ती गाडीमागे ३ हजारांसाठी! तोट्यात विकली तर शून्य. (मधे डीलरनं गाडीच्या रंगकामावर घातलेले पैसे मात्र या नफ्यातून वजा होत नाहीत, पॉलिश त्याच्या खिशातून.)

तुम्ही घरची गाडी शेजारच्या जोशीकाकूंना विकलीत, तर जीएसटीचा संबंधच नाही. आयकरही नाही, कारण स्वतः वापरायची गाडी कायद्याच्या लेखी भांडवली मालमत्ता नसते. चुकून फायदा झाला तर तो तुमचाच. तोटा झाला, जो होतोच, तर तोही तुमचाच.

इलेक्ट्रिकचं कोडं वेगळंच: नव्या कोऱ्या गाडीवर ५ टक्के, वापरलेलीवर १८! अर्थात पहिला पूर्ण किमतीवर, दुसरा डीलरच्या नफ्यावर. पण ऐकायला मजा येते.

बाराची की चौदाची?

पुण्यात जुनी गाडी बघायला गेलं, की दुसरा प्रश्न हाच. एमएच-१२ म्हणजे पुणे, एमएच-१४ म्हणजे पिंपरी-चिंचवड. कराच्या दृष्टीनं प्रश्न बिनकामाचा, कारण राज्याचा एकरकमी कर गाडीबरोबरच नव्या मालकाकडे जातो. खरी मेख परराज्यातल्या पासिंगमध्ये. बंगळुरूहून बदली होऊन आलेल्या आयटीवाल्याची ‘केए’ गाडी स्वस्त वाटते. पण १२ महिन्यांहून जास्त इथं ठेवायची, तर एनओसी आणून इथला नंबर घ्या, इथला कर भरा. तिकडचा उरलेला कर परत मागता येतो. मागायचा उत्साह टिकवणं हे वेगळं काम. सप्टेंबर २०२१ पासूनची ‘बीएच’ मालिका याच मंडळींसाठी: कर एकदम नाही, दोन-दोन वर्षांचा. पुण्यात लष्कर आणि आयटी दोन्ही असल्यानं या पाट्या दिसतातही भरपूर.

सीएनजीवाल्यांचंही ऐका. १ जुलै २०२५ पासून राज्यानं त्यांचा कर एका टक्क्यानं वाढवला. त्याआधीच्या गाड्यांचा कर जुन्या दरानं भरलेला. भाव करताना मालकाला हे सुचत नाही, सुचायला हवं.

सगळ्यात महाग कागद

गाडी विकली, पैसे आले, मालकी बदलाच्या टीटी फॉर्मवर कोऱ्या सह्या करून दिल्या, विषय संपला. नाही संपला! विकणाऱ्यानं राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत. २००९ मधल्या एका अपघातातली गाडी कागदाबाहेर एकामागून एक हात बदलत गेली होती, नोंदणी मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं भरपाईची जबाबदारी त्या नोंदणीकृत मालकावर टाकली. गाडी विकून त्याला तेव्हा जवळपास अकरा वर्षं झाली होती. संगम पुलाजवळच्या आरटीओची एक चक्कर त्यापुढे काहीच नाही. डीलरला गाडी दिली तरी सुटका नाही. एप्रिल २०२३ पासून अधिकृत डीलरकडे ताबा देताना फॉर्म २९सी ऑनलाइन भरायचा असतो.

नंबर गाडीपेक्षा महाग

ऑगस्ट २०२४ च्या दरवाढीनंतर पुण्यात चारचाकीला ‘०००१’ हवा असेल, तर ६ लाख रुपये. तेवढ्यात धडधाकट जुनी गाडी येते, पण तिचा नंबर लक्षात राहत नाही ना!

आणि चेतक

आकुर्डीत बनणाऱ्या बजाज चेतकसाठी एके काळी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे. त्यामुळे वापरलेली स्कूटर नवीपेक्षा जास्त भावानं जाई, घासलेल्या टायरसकट. आज तीच स्कूटर पेठेतल्या एखाद्या वाड्याच्या जिन्याखाली उभी आहे. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या दुचाकीच्या नोंदणी नूतनीकरणाला २ हजार रुपये पडतात, पर्यावरण कर वेगळा. भंगारवाला त्याहून फार जास्त देणार नाही. मालकाला विचारून बघा, विकणार का म्हणून. आधी तो तिरकी करून किक मारून दाखवेल.