कॉन्फरन्स संपली, दोन दिवस हातात आहेत: जायचं कुठे?

गेल्या महिन्याभरात तीन ज्युनियर्सनी मला साधारण एकच प्रश्न विचारला. ॲबस्ट्रॅक्ट स्वीकारलं गेलंय, प्रवासखर्च मंजूर झालाय, आयुष्यात पहिल्यांदाच युरोपला जायचंय. तर कॉन्फरन्स झाल्यावर दोन दिवसांत काय बघता येईल? मी युरोपियन जिओसायन्सेस युनियनच्या वार्षिक सभेला व्हिएन्नाला गेले, तेव्हा हाच प्रश्न मी चुकीच्या टोकाने सोडवायला घेतला होता. म्हणून आधी माझी चूक सांगते.

ही सभा सोमवार ते शुक्रवार चालते. माझ्या डोक्यात प्राग पक्कं होतं, कारण फोटो बघितले होते. रेल्वेची तिकिटं आधी काढली की स्वस्त मिळतात, हे कळल्यावर मी शुक्रवारी दुपारचं तिकीट काढून मोकळी झाले. सविस्तर वेळापत्रक तोवर यायचंच होतं. ते आलं, तेव्हा माझं पोस्टर शुक्रवारी दुपारच्या सत्रात! स्वस्त तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. पोस्टर लावून हळूच निघून जावं, असा विचार माझ्या मनात येऊन गेला, खोटं कशाला बोलू? गेले नाही. शेवटच्या दिवशी सभागृह निम्मं रिकामं असतं, पण जे थांबतात त्यांना वेळ असतो. सत्र संपता संपता एक संशोधक आले, ज्यांची पद्धत मी पावसाच्या नोंदींतला बायस काढायला वापरत होते. चाळीस मिनिटं उभं राहून त्यांनी मला दाखवलं की कोरड्या दिवसांची संख्या मी चुकीची धरतेय. थीसिसचं तिसरं प्रकरण त्यामुळे पुन्हा लिहावं लागलं. नंतर एखाद्या परीक्षकाला ते दिसलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी अजूनही टाळते.

तेव्हा फिरण्याचा हिशोब परतीच्या विमानापासून उलटा करत आणायचा. माझं विमान व्हिएन्नाहूनच सोमवारी दुपारी होतं. म्हणजे रविवारची रात्र व्हिएन्नातच. परक्या देशात विमानाच्या दिवशी सकाळी आंतरदेशीय ट्रेनवर विसंबायचं नाही. उरले शनिवार आणि रविवार. पाच दिवस सत्रं ऐकून डोकं शिणलेलं असतं, हेही धरा. आता अंतरं बघा. प्रागला जायला साधारण चार तास, यायला चार. हालस्टाटचं तळं फोटोत सुंदर आहे, पण साडेतीन तास आणि मध्ये गाडी बदलायची. बुडापेस्ट पावणेतीन तासांच्या आसपास. ब्रातिस्लाव्हा जेमतेम एक तास, तिथे चलनही युरोच. आणि ब्रनो दीड तास. मावशीचं म्हणणं होतं, "एवढी युरोपला चाललीस आणि पॅरिस नाही?" व्हिएन्ना ते पॅरिस हजार किलोमीटरहून जास्त आहे, मावशी. माझे दोन्ही दिवस विमानतळावर गेले असते.

मी ब्रनो निवडलं. एक गाडी, कुठे बदलायची नाही, सामान आणि ती पोस्टरची लांबलचक नळी व्हिएन्नाच्या हॉटेलातच, संध्याकाळी परत. पण खरं कारण वेगळं होतं. तिथल्या सेंट थॉमस मठात ग्रेगोर मेंडेलने १८५६ ते १८६३ या काळात वाटाण्यांवरचे प्रयोग केले. हे आपण दहावीपासून घोकतो. मला मात्र ओढ होती ती याची की मेंडेल हवामानाच्या नोंदी ठेवायचा, आणि त्याच्या छापील लेखनात हवामानावरचंच जास्त आहे! १८७० मध्ये ब्रनोवर आलेल्या टोर्नेडोचा त्याने स्वतः पाहून लेख लिहिला. शिवाय तो १८५१ ते १८५३ व्हिएन्ना विद्यापीठात शिकला होता आणि भौतिकशास्त्र शिकवायला तिथे डॉपलर होते. म्हणजे मी त्याच वाटेने चालले होते. मठात आता संग्रहालय आहे आणि आवारात त्याच्या हरितगृहाचा पाया दिसतो. पाया म्हणजे जमिनीतल्या विटांच्या ओळी, बस. तिथे मी तासभर बसले. त्याने १८६५ मध्ये हे काम वाचून दाखवलं, पुढच्या वर्षी छापलं, आणि त्याचं मोल लोकांना कळलं १९०० मध्ये. माझ्या पोस्टरवर पाचच माणसं आली, याचं दुःख जरा कमी झालं.

तुम्ही रसायनवाले असाल, गणितवाले असाल, तर तुमचं ब्रनो दुसरं कुठेतरी असेल. कॉन्फरन्सच्या शहरापासून दोन तासांच्या वर्तुळात आपल्या विषयाचं काय आहे, एवढं शोधा.

आता कागदपत्रं. हे कंटाळवाणं आहे, पण गाडी इथेच अडते. शेंगेन व्हिसावर वैधतेच्या तारखा आणि राहण्याचे दिवस या दोन वेगळ्या गोष्टी छापलेल्या असतात. तारीख शिल्लक दिसली म्हणून दिवसही शिल्लक असतील असं नाही. पोचण्याचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस मोजले जातात. त्यामुळे जास्तीचे दिवस अर्ज करतानाच मागा आणि विमाही त्या दिवसांसकट काढा. ऑस्ट्रिया, चेकिया, स्लोव्हाकिया, हंगेरी सगळे शेंगेनमध्ये आहेत, म्हणून एकाच व्हिसावर फिरता येतं. लंडन किंवा बेलग्रेड मात्र शेंगेनच्या बाहेर. एकच प्रवेश असलेल्या व्हिसावर तिकडे गेलात तर परत आत येता येणार नाही. आणि सीमेवर कोणी विचारत नाही असं ऐकलं तरी पासपोर्ट जवळच ठेवा. कधी कधी गाडीत तपासतात.

दुसरी अडचण आपल्याच कार्यालयात. जास्तीच्या दोन दिवसांची रजा निघण्यापूर्वी लेखी मंजूर करून घ्या. शनिवारच्या आणि सोमवारच्या परतीचं भाडं एकाच वेळी बघून दोन्हींचे स्क्रीनशॉट ठेवा, म्हणजे उशिरा परतल्यामुळे संस्थेला जास्त पैसे पडले नाहीत हे दाखवता येतं. महिन्याला ४२,००० ची फेलोशिप असताना विमानभाडं अंगावर आलं तर काय होतं, हे मी सांगायला नको.

रविवारी मी शहराबाहेर गेलेच नाही. ७१ नंबरची ट्राम धरली आणि मध्यवर्ती दफनभूमीत बोल्ट्झमानची कबर बघितली. पुतळ्याच्या वर एंट्रॉपीचं सूत्र कोरलेलं आहे. खर्च ट्रामच्या तिकिटाचा. ऑस्ट्रियात रविवारी दुकानं बहुतेक बंद असतात, तेव्हा घरच्यांसाठी चॉकलेटं शनिवारीच घ्या. मी ब्रनोला घेतली.

आणि हो, परतल्यावर बिलं लावताना ब्रनोचं तिकीट त्या गठ्ठ्यात जाऊ देऊ नका. माझं गेलं होतं. अकाउंट्समधल्या काकांनी ते बाजूला काढून परत दिलं आणि विचारलं, "हे वाटाणेवाल्याचं गाव ना?"