हिमालयात ट्रेकला जाताय? कंपनीला पैसे भरण्याआधी हे विचारा

इन्स्टाग्रामवर रील दिसते, खाली 'फक्त इतक्या रुपयांत केदारकंठा' असं लिहिलेलं असतं आणि लगेच यूपीआयने ॲडव्हान्स जातो. पण ज्याला आपण पैसे भरतो, तो डोंगरावर आपल्यासोबत असतोच असं नाही. पुण्या-मुंबईतले अनेक ग्रुप इथे बुकिंग घेतात आणि पुढे सगळी तुकडी स्थानिक ऑपरेटरच्या हवाली करतात. त्यात गैर काही नाही. मात्र वर निर्णय कोण घेणार, हे आधी कळायला हवं.

जून २०२४ मध्ये उत्तराखंडच्या सहस्रताल ट्रेकवर हवामान बिघडलं आणि २२ जणांच्या तुकडीतल्या ९ जणांचा जीव गेला. सहस्रतालची उंची चार हजार मीटरच्या वर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर! राजगड-तोरणा एका दमात करणाऱ्यालाही विरळ हवेचा त्रास होऊ शकतो, कारण फिटनेसचा आणि या त्रासाचा फारसा संबंध नाही.

आधी मुक्कामांची उंची बघा

कंपनीकडून रोजच्या मुक्कामाची उंची लिहून घ्या आणि सरळ वजाबाकी करा. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढू नये आणि तीन-चार दिवसांनी एक विश्रांतीचा दिवस असावा, असं डॉक्टर सांगतात. आज ३,२०० आणि उद्या ४,१०० वर तंबू, असा कार्यक्रम असेल तर एक दिवस वाचवून पॅकेज स्वस्त केलंय, असं समजायला हरकत नाही. माझ्या मते ही एक वजाबाकी शंभर रिव्ह्यूंपेक्षा जास्त सांगते.

तंबू कुठे लागणार, हेही विचारा. उत्तराखंड हायकोर्टाने २०१८ मध्ये बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली होती. 'बुग्यालवर कॅम्पिंग' अशी जाहिरात दिसली तर वनखात्याच्या परवानगीचा कागद मागा.

लीडर कोण?

'अनुभवी लीडर' म्हणजे काय, ते विचारा. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेसारख्या ठिकाणचा कोर्स केलाय का? प्रथमोपचाराचं प्रशिक्षण आहे का? किती जणांमागे एक गाईड? एखाद्याला खाली न्यावं लागलं, तर उरलेल्यांसोबत कोण राहणार?

हा शेवटचा प्रश्न टाळू नका. बसल्या जागी धाप लागणं, चालताना तोल जाणं, असंबद्ध बोलणं ही जीवघेण्या त्रासाची लक्षणं आहेत. अशा माणसाला रात्र असली तरी शक्य तितक्या लवकर खाली उतरवावं लागतं. ऑक्सिजनचं सिलिंडर असलं तरी उतरणं टळत नाही.

विमा आणि रिफंड

नेहमीच्या ट्रॅव्हल विम्यात ठरावीक उंचीवरचा ट्रेक अनेकदा वगळलेला असतो. पॉलिसीत उंचीची अट आणि हेलिकॉप्टरचा खर्च तपासा.

हवामानामुळे अर्ध्यातून परतावं लागलं तर पैशांचं काय, हे व्हॉट्सॲपवर नाही, ईमेलवर घ्या. 'आमचा ट्रेक शंभर टक्के समिट होतोच' असं फोनवर सांगणाऱ्याला मागच्या सीझनमध्ये किती तुकड्या परत फिरवल्या, ते विचारा. 'एकही नाही' असं उत्तर आलं, तर दुसरी कंपनी बघा.