जीएसटीचा दर बदलला, तर तुमचं सॉफ्टवेअर किती ठिकाणी उघडावं लागेल?



22 सप्टेंबर 2025, घटस्थापना. त्याच दिवशी जीएसटीचे नवे दर लागू झाले. साबण, शाम्पू, टूथपेस्ट 18 टक्क्यांवरून 5 वर, तूप-लोणी 12 वरून 5 वर.

समजा, तुम्ही श्रीरामपुरातल्या वीस किराणा दुकानांना जावामध्ये बनवलेलं ऑनलाइन बिलिंग सॉफ्टवेअर भाड्याने दिलंय. त्यात 18 हा आकडा बिलाच्या पानावर, परताव्यात, महिन्याच्या रिपोर्टमध्ये असा जागोजागी लिहिलेला आहे. एक जागा सुटली की बिल एक सांगतं आणि रिपोर्ट दुसरंच! ऐन सणाच्या गर्दीत वीस दुकानदारांचे फोन. धंदा इथेच हातचा जातो.

दर सोडा, पत्त्याचं बघा. 2024 मध्ये जिल्ह्याचं नाव अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. तेही प्रत्येक बिलावर छापलेलं असतं.

उपाय काय?

दुकानदार सकाळी शटर उघडलं की आधी भावाचा फळा लिहितो, मग गिऱ्हाईक. सॉफ्टवेअरनेही तेच करायचं. सगळ्यांना लागणारी माहिती एका सेटिंग फाइलमध्ये किंवा डेटाबेसच्या एका टेबलमध्ये ठेवायची. सॉफ्टवेअर सुरू होताना ती एकदाच वाचायची.

जावामध्ये यासाठी 'सर्व्हलेट कॉन्टेक्स्ट लिसनर' असतो. टॉमकॅट सर्व्हर ॲप्लिकेशन सुरू करताना पहिली रिक्वेस्ट घेण्याआधीच त्याला हाक मारतो. तो सेटिंग वाचतो आणि 'सर्व्हलेट कॉन्टेक्स्ट' या सामायिक जागेत ठेवतो. मग प्रत्येक पान तिथूनच दर उचलतं. स्प्रिंग बूट वापरत असाल तर 'ॲप्लिकेशन डॉट प्रॉपर्टीज' फाइल हेच काम करते.

चार गोष्टी पक्क्या करा

1. दरासोबत 'कधीपासून लागू' ही तारीख ठेवा. 20 सप्टेंबरला विकलेला माल 25 ला परत आला, तर क्रेडिट नोट जुन्याच दराने निघते. नुसता आकडा बदलला तर जुना हिशोब बिघडेल.

2. फाइल सापडली नाही किंवा दर रिकामा असेल, तर सॉफ्टवेअरने सुरूच होऊ नये, स्पष्ट चूक दाखवावी. शून्य टक्के धरून दिवसभर बिलं फाडण्यापेक्षा हे परवडलं.

3. ही माहिती एकाच वेळी सगळे वापरतात, म्हणून चालू असताना ती फक्त वाचायची. बिलाच्या कोडने तिला हात लावायचा नाही.

4. डेटाबेसचा पासवर्ड या फाइलमध्ये कोडसोबत पाठवू नका. तो सर्व्हरवरच वेगळा ठेवा.

एक मर्यादा

सुरू होतानाच वाचलेली सेटिंग, फाइल बदलली म्हणून आपोआप बदलत नाही. सॉफ्टवेअर पुन्हा सुरू करावं लागतं. सर्व्हर दोन असतील तर दोन्ही. म्हणून हे काम रात्री, दुकानं बंद झाल्यावर करा आणि सकाळी एक चाचणी बिल काढून बघा.

तुम्हाला कोडिंग येत नसेल तर?

काही हरकत नाही. सॉफ्टवेअर बनवून घेताना डेव्हलपरला एकच प्रश्न विचारा: "उद्या दर बदलला, तर किती ठिकाणी बदल करावा लागेल?" उत्तर "एकाच" असेल, तर त्याला तुमच्यासमोर बदल करून दाखवायला सांगा. पैशांचा शेवटचा हप्ता त्यानंतरच द्या!