भांगेचे झाड केव्हा फुलते?

महाशिवरात्र आली, की फणसवाडी-ठाकूरद्वाराकडची मंडळी पायीच बाबुलनाथाला निघतात आणि थंडाईच्या पेल्याबरोबर एक वाक्य हमखास ऐकू येते, "डॉक्टर, भांग म्हणजे नुसता पाला. त्याने काय होणार?" या प्रश्नाचे उत्तर झाडाच्या फुलण्यात दडलेले आहे.

भांग, गांजा, चरस ही तिन्ही एकाच झाडाची. पाला वाटला की भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा आणि राळ म्हणजे चरस. नशा आणणारे द्रव्य, टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, 1964 साली इस्रायलमध्ये गाओनी व मेकूलम या शास्त्रज्ञांनी वेगळे केले. ते मुख्यतः मादी फुलोऱ्यावरील बारीक ग्रंथींत साठते. पानांत असते, पण कमी. 1985 चा अंमली पदार्थविरोधी कायदाही शेंड्यांनाच गांजा म्हणतो, शेंड्यांवाचूनच्या पानांना नाही. (म्हणून भांग मोकळी आहे असे समजू नये. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार ती परवान्याशिवाय विकता येत नाही.)

आता, हे झाड शेवंतीप्रमाणे दिवस लहान होऊन रात्र लांबली म्हणजे फुलते. मात्र किती लांबली म्हणजे, हे प्रत्येक वाणाच्या बियाण्यातच ठरलेले असते. मुंबईचा सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा. उत्तर युरोपात तो सतरा तासांच्याही पुढे जातो. तिकडच्या वाणांना थंडीपूर्वी बी धरायचे असते, म्हणून ते दिवस बराच मोठा असतानाच फुलू लागतात. तेच बी इकडे पेरले, तर रोप लहान असतानाच फुलेल. आपले वाण तिकडे नेले, तर फुलोरा पुरा होण्याआधीच हिमात करपेल. रशियाकडच्या काही वाणांना तर दिवसाची पर्वाच नाही. वय झाले की फुलले! एकाच पेरणीतही नर झाडे सहसा मादीच्या आधी फुलतात.

तेव्हा एकाच दिवशी तोडलेल्या शेजारच्या दोन झाडांपैकी एक नुसत्या पाल्यावर, तर दुसरे फुलोऱ्यात असू शकते. वाटल्यावर गोळी दोन्हींची हिरवीच! गेल्या वर्षी एक पेला पचला म्हणून यंदाही पचेल, हा हिशेब इथे चुकतो. शिवाय पोटातून घेतलेली भांग चढायला अर्धा ते दोन तास लागतात. "काहीच झाले नाही" म्हणून दुसरा पेला घेतला, की दोन्ही एकदम अंगावर येतात: छातीत धडधड, भीती, भ्रम, तोल जाणे. हृदयरोगी, गरोदर स्त्रिया आणि घरात मानसिक आजार असलेल्यांनी पेल्याला हातही लावू नये.

लहान मुलाने चुकून घेतली, तर गाढ गुंगी येऊन श्वासही मंदावू शकतो. अशा वेळी ताक-लिंबू पाजत बसू नका, ओकारी काढू नका. गुंगीत ते श्वासनलिकेत जाते. कुशीवर निजवून 108 ला फोन करा आणि डॉक्टरांना खरे काय ते सांगा. पोलिसांच्या भीतीने "बाहेरचे काहीतरी खाल्ले" म्हणालात, तर नको त्या तपासण्यांत वेळ जातो.