एकाच पेटीतले दोन कागद

लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीत २०१९ साली ‘क्विअर स्पेसेस’ नावाचं प्रदर्शन भरलं होतं. विषय होता समलिंगी आणि ट्रान्स मंडळींच्या बारचा, क्लबचा, नाचाच्या अड्ड्यांचा. त्यामागे युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या अभ्यासकांनी केलेली मोजदाद होती. २००६ ते २०१७ या काळात शहरातल्या अशा जागा ५८ टक्क्यांनी घटल्या होत्या. बर्लिनमध्ये तर या इतिहासाचं स्वतंत्र संग्रहालय १९८५ पासून आहे. तिकडच्या रात्रींचे पुरावे पत्रकांवर, पोस्टरांवर छापले गेले, म्हणून ते काचेच्या पेटीत ठेवता आले.

म्हैसुरात असं प्रदर्शन मांडायचं, तर पेटीत ठेवायचं काय?

इथे संग्रहालयाची वानवा नाही. मानसगंगोत्रीच्या आवारातल्या जयलक्ष्मी विलास वाड्यात म्हैसूर विद्यापीठाचं लोकसंस्कृती संग्रहालय आहे. पण लोकसंस्कृतीच्या संग्रहालयांची एक खोड सगळीकडे सारखीच असते. वस्तूखाली जिल्हा लिहितात, लाकूड कोणतं ते लिहितात, वाजवणाऱ्याचं नाव मात्र सहसा लिहीत नाहीत.

चौंडकंच घ्या. एक पोकळ नळकांडं, तळाला ताणून बसवलेलं कातडं, त्याच्या मधोमध ओवलेली तार आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला मूठ. नळकांडं काखेत दाबायचं, मूठ ओढून तार ताणायची, सैल सोडायची आणि दुसऱ्या हाताने छेडायची. ताण बदलला की स्वर चढतो, उतरतो. हे वाद्य आपल्याला परकं नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या वाटेवर कोल्हापूर, सांगली, बेळगावकडचे देवीला वाहिलेले जोगते-जोगती डोक्यावर देवीचा जग घेऊन, गळ्यात मण्यांचं दर्शन घालून पिढ्यान् पिढ्या चालत आले आहेत. राजन गवस यांनी तर कादंबरीचं नावच ‘चौंडकं’ ठेवलं. पुरुषाच्या देहात जन्मून लुगडं नेसणाऱ्या माणसाला या वाटेवर एक जागा होती. ती सन्मानाचीच होती असं म्हणायची माझी तयारी नाही. देवीला सोडण्याच्या प्रथेने किती बायांची आयुष्यं नासवली, हे ठाऊक असताना जोगत्यांचं गोडगोड चित्र रंगवणं हा अप्रामाणिकपणा होईल. पण जागा होती, रात्र होती, नाच होता. इथल्या रात्रीचा इतिहास क्लबात नाही सापडायचा. तो जत्रेत शोधावा लागतो.

बळ्ळारी जिल्ह्यातल्या मंजम्मा जोगती याच वाटेने आल्या. जोगती नृत्य त्या काळव्वा जोगतींकडून शिकल्या. २०१० साली कर्नाटक सरकारने त्यांना राज्योत्सव पुरस्कार दिला. पुढे २०१९ मध्ये त्या कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या. या पदावर ट्रान्स व्यक्ती बसण्याची ती पहिलीच वेळ. २०२१ मध्ये राष्ट्रपती भवनात पद्मश्री घेताना त्यांनी राष्ट्रपतींवरून पदर ओवाळून दृष्ट काढली, ते दृश्य देशाने पाहिलं.

यातला राज्योत्सव पुरस्काराचा कागद हा पहिला, आता दुसरा. त्या पुरस्काराच्या पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, त्याच राज्याने आपल्या पोलीस कायद्यात ३६-अ हे कलम घातलं. हिजड्यांच्या ‘अनिष्ट’ कारवायांना आळा घालायचा आणि त्यांची नावं-पत्ते नोंदवून ठेवायचे, हा त्याचा रोख. याचं मूळ १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात आहे. नोंदवलेल्या माणसाने बाईचे कपडे घालून रस्त्यावर दिसणं किंवा चारचौघांत नाचणं, एवढ्यासाठीही त्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद होती. म्हणजे एका वर्षी ज्या नाचाला शाल-श्रीफळ, पुढच्या वर्षी तोच नाच करणाऱ्यांसाठी पोलीस ठाण्यात वही. कलमाला न्यायालयात आव्हान मिळालं, आणि २०१६ मध्ये दुरुस्ती करून त्यातला हिजड्यांचा उल्लेख काढला गेला. ही दोन कागदपत्रं मी एकाच पेटीत शेजारी-शेजारी ठेवीन. वर भलीमोठी पाटी लावायची गरज नाही.

आणखी एक पेटी खुद्द म्हैसूर शहराची. २००५ साली इथे आशोदया समिती उभी राहिली. देहविक्री करणाऱ्या स्त्रिया, पुरुष आणि ट्रान्स माणसांची ही स्वतःची संघटना. सुरुवात एचआयव्ही रोखण्याच्या कामातून झाली. २००४ आणि २००६ मधल्या पाहण्यांत शहरातल्या देहविक्री करणाऱ्या स्त्रियांमध्ये सिफिलिसचं प्रमाण २५ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आलेलं दिसलं. लोकांना कंडोम वाटणारे, दवाखान्यात नेणारे, कुणाला मारहाण झाली तर धावून जाणारे कार्यकर्ते त्यांच्यातलेच. लंडनच्या पेटीत क्लबचं तिकीट असेल, तर इथे या कार्यकर्त्याची झोळी हवी.

कागद जपायचं काम अगदीच झालेलं नाही असं नाही. ‘बॉम्बे दोस्त’ हे समलिंगी मंडळींचं नियतकालिक १९९० पासून निघालं. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट काढला आणि या विषयावर मराठीतून सातत्याने लिहिलं. बेंगळुरूमध्ये चित्रपटकार टी. जयश्री यांच्या पुढाकारातून ‘क़मरा’ हा दस्तसंग्रह उभा राहिला. तो आता तिथल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात आहे. आपल्याकडच्या या इतिहासाचा केवढा तरी भाग न्यायालयाच्या फायलींत साठलाय, तेव्हा जागा चुकली म्हणता येणार नाही.

खरी अडचण छायाचित्रांची आहे. वीस वर्षांपूर्वी बस स्टँडवर उभा असलेला पोरगा आज कुणाचा तरी बाप असेल, गावात त्याचं दुकान असेल. त्याचा चेहरा भिंतीवर लावायचा की नाही, हे संग्रहालयाच्या समितीने नव्हे, त्याने ठरवायचं. तो नको म्हणाला तर ती चौकट रिकामी ठेवावी, आणि का रिकामी आहे ते खाली कन्नडमध्ये लिहावं.